जुनी स्विफ्ट थोडी खाली बसवायची असेल तर: चाक, टायर आणि स्प्रिंग एकत्र कशी निवडायची

मडगार्डच्या कमानीत टायरच्या वर चार बोटं रिकामी दिसतात आणि ती जागा डोळ्यांत खुपायला लागते. पुढचं बहुतेकदा ठरलेलं असतं. अलॉय एका दुकानातून येतात, टायर दुसऱ्याकडच्या स्कीममधून आणि स्प्रिंग कुणीतरी काढून ठेवलेल्या. तिन्ही गाडीत गेल्या की पूर्ण स्टिअरिंग कापताच खर्रर्र आवाज. वस्तू तिन्ही धडधाकट असतात, फक्त एकमेकींना विचारून घेतलेल्या नसतात. चाक आणि स्प्रिंग एकाच कमानीतली जागा वाटून घेतात. चाक बाहेर आलं की गाडी फार बसवता येत नाही आणि गाडी जास्त बसवली की चाक आत ठेवावं लागतं. म्हणून दोन्हींचा हिशोब एकाच कागदावर, पैसे देण्याआधी.

इथे उदाहरणाला पहिली स्विफ्ट धरली आहे, २००५ ते २०११ मधली. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरकडे ती अजून बऱ्याच दारांत उभी दिसते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,३९० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई). सँट्रो, झेन किंवा जुन्या सिटीलाही रीत हीच, आकडे तेवढे आपापले घ्यायचे.

आधी टेप, मग दुकान

गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही टायरांत बरोबर हवा भरा, टाकी अर्धी असू द्या. गाडी हाताने दोन-तीन फूट मागेपुढे ढकला म्हणजे स्प्रिंग मोकळ्या होऊन नीट बसतील. आता चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून सरळ वर कमानीच्या काठापर्यंत माप घ्या आणि चारही कोपऱ्यांचे आकडे लिहून ठेवा. जमिनीपासून कमानीपर्यंतचं माप इथे कामाचं नाही, कारण टायर बदलला की तेही बदलतं. केंद्रापासूनचं माप फक्त सस्पेन्शनबद्दल बोलतं.

डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर खरेदी थांबवा. एखादी स्प्रिंग खालच्या वेढ्याशी तुटलेली असू शकते, आणि तुकडा वाटीतच अडकून बसला तर बाहेरून दिसतही नाही.

पंधरा वर्षांच्या गाडीबाबत एक गोष्ट हमखास निसटते. तिच्या स्प्रिंग आधीच बसलेल्या असतात. खोक्यावर '३० मिमी लोअरिंग' लिहिलेलं असतं ते नव्या कोऱ्या कंपनी स्प्रिंगच्या तुलनेत. तुमची गाडी वयाने १०-१२ मिमी खाली आलेली असेल, तर नवी स्प्रिंग घातल्यावर प्रत्यक्षात १८-२० मिमीच फरक दिसेल. मग 'कमी बसली' म्हणून त्याच स्प्रिंगचा वेढा कापायला नेणारे लोक आहेत. ते करू नका. तुमच्या मॉडेलचं नव्या गाडीचं केंद्र-ते-कमान माप मिळालं तर उत्तमच. न मिळालं तर निदान हा फरक मनात ठेवा.

शेवटचं माप पोटाखालचं. मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं आणि पुढे दोन बसवा, मग चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), सायलेन्सरच्या पाइपचा जोड आणि पुढची क्रॉसमेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) जमिनीपासून किती वर आहेत ते पाहा. १७० मिमी हा रिकाम्या गाडीचा आकडा आहे, आणि कॉलनीतला गतिरोधक बहुधा भरलेल्या गाडीलाच भेटतो.

टायरचा आकार: व्यास, गाल आणि वजन

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीचा आकार लिहिलेला असतो. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटना १६५/८० आर१४ होता, झेडएक्सआयला १८५/७० आर१४. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा गालाची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते, तिसरा रिमचा व्यास इंचात. पूर्ण व्यास काढायला रिमचे इंच २५.४ ने गुणा आणि त्यात गालाची उंची दोनदा मिळवा. १६५/८० आर१४ साठी ३५५.६ अधिक १३२ दुणे, म्हणजे ६१९.६ मिमी. नवा व्यास याच्या दोन टक्के अलीकडे-पलीकडे ठेवा, तीन टक्क्यांपुढे जाऊ नका.

स्विफ्टसाठी दुकानदार जे आकार पुढे करतात ते असे:

१८५/६५ आर१५: व्यास ६२१.५, गाल १२० मिमी
१९५/६० आर१५: व्यास ६१५, गाल ११७ मिमी
१९५/५५ आर१५: व्यास ५९५.५, गाल १०७ मिमी
१९५/५० आर१६: व्यास ६०१.४, गाल ९७.५ मिमी
२०५/४५ आर१७: व्यास ६१६.३, गाल ९२ मिमी

तिसऱ्या ओळीतला टायर मूळ व्यासापेक्षा जवळजवळ चार टक्के लहान आहे. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ७७ च्या आसपास असेल, ओडोमीटर जास्त किलोमीटर मोजेल आणि गाडी आपोआप १२ मिमी खाली येईल. कमानीतली जागाही कमी दिसण्याऐवजी वाढलेली दिसेल. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं त्याच्या उलट.

चौथ्या ओळीत वेगळा धोका आहे. १९५/५० आर१६ वर साधारणपणे ८४ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला ५०० किलो. मूळ १६५/८० आर१४ वर ८५ असतो, ५१५ किलो. रुंद आणि महाग टायर घेऊन भार पेलण्याची ताकद कमी झाली. दिवाळीत पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन सेंधव्याचा बिजासन घाट उतरत पुण्याकडे निघालेल्या गाडीला हे चालणार नाही. हाच आकार हवाच असेल तर 'एक्सएल' छापलेला, ८८ भारांकाचा घ्या आणि त्याला लागणारी जास्त हवा भरा. १८५/६५ आर१५ आणि १९५/६० आर१५ हे दोन्ही ८८ मध्ये, म्हणजे ५६० किलोचे मिळतात.

आमचं मत सरळ आहे. या गाडीला १५ इंचांपुढे नेऊ नका आणि १८५/६५ आर१५ घ्या. गाल १२० मिमी राहतो, व्यास दोन मिलिमीटरच वाढतो आणि गाडीची चाल बिघडत नाही. १७ इंची चाक फोटोत छान दिसतं. पण ९२ मिमीचा गाल पाऊस पडून गेल्यावर पाण्याने भरलेल्या, काठ तुटलेल्या खड्ड्यात गेला की रिमची कड आणि खड्ड्याचा काठ यांच्यात रबर चिमटतं. आतले धागे तुटतात आणि आठवड्याभरात गालावर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर पंक्चरवाल्याकडून 'बघून' घेण्यात अर्थ नाही, तो फेकायचाच.

सँट्रोचा मूळ टायर १५५/७० आर१३, व्यास ५४७. चौदा इंचात १६५/६० आर१४ घेतला तर व्यास सव्वा टक्क्याने वाढतो आणि भारांक ७५ चा ७५ राहतो. झेनला १४५/७० आर१३ होता, तिथे १५५/६५ आर१३ जवळजवळ त्याच व्यासाचा. झेनला १३ इंचच शोभतात, तिची कमान लहान आहे.

टायर घेताना गालावर आयएसआयची खूण आणि लंबगोलातले चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. चारही टायरांत काही आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. स्कीममधल्या टायरांत हेच लपलेलं असतं.

रिमवरचे चार आकडे

पीसीडी: नट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. स्विफ्ट, सँट्रो आणि जुनी सिटी ४×१००. मारुती ८००, झेन आणि जुनी अल्टो ४×११४.३. फोर्ड आयकॉन ४×१०८. फियाटच्या पॅलिओ आणि उनो ४×९८, आणि खरा घोळ इथेच आहे. ४×१०० चं अलॉय पॅलिओवर चढतं, बोल्टही आवळले जातात. पण प्रत्येक बोल्ट आपल्या शंकूत एक मिलिमीटर तिरका बसतो. चाक केंद्रात नाही, बोल्टवर सतत वाकडा ताण, शेवटी सैल होतो किंवा तुटतो. चार भोकांच्या रिमचं पीसीडी घरी मोजता येतं. समोरासमोरच्या दोन भोकांपैकी एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, तेच पीसीडी.

मधलं भोक: स्विफ्ट आणि सँट्रोच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी, सिटीचा ५६.१. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं ठेवलेलं असतं म्हणजे ते सगळ्यांना चालतं. मधल्या फटीत रिंग घालावी लागते. रिंग नसेल तर ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस चार वेळा बॅलन्सिंग करून येतो तरी ते जात नाही. रिंगचा बाहेरचा व्यास तुमच्या रिमचा आणि आतला तुमच्या हबचा. अ‍ॅल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेने सैल पडते.

रुंदी आणि ऑफसेट: रिमच्या मागच्या बाजूला '६जे × १५ ईटी४५' असं कोरलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे रुंदी इंचात, जे हा रिमच्या कडेच्या आकाराचा संकेत. ईटी म्हणजे हबला टेकणारी पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ईटी कमी झाला की चाक तितकंच बाहेर येतं. समजा, आताचं रिम साडेपाच इंची ईटी४५ आहे आणि दुकानदार साडेसहा इंची ईटी३८ देतोय. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. ऑफसेट ७ ने घटला. बाहेरची कड १२.७ अधिक ७, म्हणजे जवळजवळ २० मिमी बाहेर आली आणि आतली कड स्ट्रटच्या दिशेने पावणेसहा मिमी सरकली. खाली बसवलेल्या गाडीत ही २० मिमी मागच्या कमानीच्या दुमडीला भिडणार. त्याऐवजी ६जे ईटी४५ घेतलं तर दोन्हीकडे सव्वासहा मिमीच वाढतात. १८५/६५ आर१५ ला साडेपाच ते सहा इंची रिम अगदी बरोबर.

स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) लावून चाक बाहेर काढणं हा स्वस्त उपाय वाटतो. नटला स्टडचे निदान १२ मिमी आटे मिळायला हवेत. मारुतीचे स्टड एम१२×१.२५ आहेत, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. होंडा-ह्युंदाईचे एम१२×१.५, म्हणजे आठ. हाताने फिरवताना फेरे मोजा. कमी भरले तर स्पेसर काढून टाका. आणि दीडच्या आट्याचा नट सव्वाच्या स्टडवर हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे हवेची गन लावली की स्टड गेला. नट नेहमी हाताने चढवायचे, गन नंतर.

किती खाली?

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल उंचवटा ३.७ मीटर लांब, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्विफ्टची दोन्ही चाकं त्यावर असताना २,३९० मिमीच्या मधोमध उंचवटा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४२ मिमी वर येतो. २५-३० मिमी बसवलेली भरली गाडीही तो सहज ओलांडते.

पण गल्लीतला गतिरोधक मानक वाचून बांधलेला नसतो. एक-दीड फूट रुंद आणि पाच-सहा इंच उंच असा डांबराचा कणा दोन्ही चाकांच्या मधे पूर्णच्या पूर्ण मावतो आणि त्याची सगळी उंची, १२५ ते १५० मिमी, गाडीच्या पोटाला भिडते. त्याच्यापुढे १७० ची गाडीसुद्धा माणसं भरल्यावर हरते. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तुमच्या गाडीची खरी परीक्षा घराच्या कोपऱ्यावरच होणार आहे. तो कोपरा टेपने मोजा.

दुसरा मुद्दा प्रवासाचा, म्हणजे चाक वरखाली जायला किती जागा आहे त्याचा. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचा आतला डांबरी रस्ता लाटा धरतो. अशा रस्त्यावर चाकाला वर जायला जागा लागते. ढोबळ हिशोबाने, वरचा प्रवास पाऊणपट राहिला तर तेवढाच दणका पचवायला स्प्रिंग पावणेदोनपट कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग एवढ्या कडक नसतात, असल्या तर घरचे गाडीत बसणार नाहीत. उरलेला दणका बंप स्टॉपचं, म्हणजे प्रवास संपताना चाकाला अडवणारं, रबर खातं. 'स्प्रिंग फार कडक आहे' अशी तक्रार होते तेव्हा बहुतेक वेळा गाडी स्प्रिंगवर नसून बंप स्टॉपवर चाललेली असते.

म्हणून इंदूरसाठी नव्या गाडीच्या मापापासून २० ते २५ मिमी. ३० ही शेवटची हद्द, तीही बहुतेक वेळ दोघंच बसत असाल तर. टायर लहान घेतला असेल तर व्यासातल्या फरकाचा निम्मा भाग यातच मोजा. १९५/५० आर१६ घेणाऱ्याचे ९ मिमी टायरनेच खाल्ले आहेत.

कशाने खाली?

वेढा कापू नका. सहा कामाच्या वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते. तेवढ्याने भागलं असतं, पण स्प्रिंगची मोकळी लांबीही घटते. गाडी जॅकवर घेतली किंवा एखादं चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग वाटीत सैल खुळखुळते, आणि परत खाली येताना जागेवर बसेलच असं नाही. मागच्या स्प्रिंगचं टोक आत वळवून निमुळतं केलेलं असेल तर कापल्यावर ती वाटीत बसतच नाही. गॅसने तापवून बसवणं त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं. एक बाजू महिन्यात बसते, दुसरी तीन महिन्यांत.

योग्य जोडी म्हणजे तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली लोअरिंग स्प्रिंग आणि नवे शॉक. आयबाख, एच अँड आर यांसारखे उत्पादक मॉडेलनुसार स्प्रिंग काढतात. तुमच्या इंजिनाचीच घ्या, डिझेल स्विफ्टचं नाक पेट्रोलपेक्षा जड आहे. पेट्रोलवर डिझेलची स्प्रिंग चढवली तर पुढचा भाग उंच राहतो आणि गाडी बोट पाण्यातून निघाल्यासारखी दिसते. जुन्या शॉकवर नवी स्प्रिंग घालणं म्हणजे पैसे दोनदा मोजणं. कडक स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकमध्ये जोर लागतो, आणि लाख किलोमीटर चाललेल्या शॉकमध्ये तो उरलेला नसतो. दांड्याभोवती तेल ओघळलेलं असेल किंवा टायरवर हात फिरवताना खाच-उंचवटे लागत असतील, तर शॉक गेले समजा. २५ मिमीपर्यंत चांगले कंपनी मापाचे शॉक चालतात, त्यापुढे आखूड दांड्याचे लागतात.

कोइलओव्हर (आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) कधी? उंची वारंवार बदलायची असेल आणि दर पावसाळ्यानंतर आटे घासून ग्रीस लावण्याची तयारी असेल तर. नाहीतर दोन वर्षांत माती आणि गंजाने रिंगा अशा जाम होतात की उंची बदलण्याची सोय नुसती कागदावर राहते.

स्प्रिंगबरोबर मागवायचं सामान: दोन्ही स्ट्रटचे वरचे माउंट आणि त्यातल्या बेअरिंग, चार बंप स्टॉप आणि धूळ टोप्या, स्टॅबिलायझरच्या लिंक, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, मागच्या स्प्रिंगची वरची रबरं. या वयाच्या गाडीत यातलं निम्मं तरी गेलेलं असतं, आणि मजुरी एकदाच द्यायची आहे.

बसवताना

हे काम पहिल्यांदा मिस्त्रीकडे उभं राहून पाहा. स्वतः करणार असाल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर, दोन भक्कम स्टँड आणि टॉर्क रेंच यांच्याशिवाय हात लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा मोडते.

पुढचं चाक काढा. ब्रेकच्या नळीची आणि एबीएसच्या वायरची क्लिप स्ट्रटवरून मोकळी करा. स्ट्रट आणि नकल (हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांची जागा रंगाने खुणावून ठेवा, म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) मूळच्या जवळ राहतो. बोल्ट काढले की नकल बाहेर कलंडतं. ते तारेने आत बांधा, नाहीतर ब्रेकची नळी ताणली जाते आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट सुटतो. वरचे नट सोडून स्ट्रट बाहेर घ्या.

कॉम्प्रेसरच्या दोन्ही कड्या स्प्रिंगच्या समोरासमोर लावा आणि आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळा. मधला नट सोडताना दांडा पान्याने धरा. गनने फिरवलात तर दांडा गरगर फिरून शॉकचं सील फाटतं, आणि नवा शॉक पहिल्याच दिवशी गळतो. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक वाटीतल्या पायरीजवळ यायला हवं, फट अगदी थोडी. टोक पायरीवर चढलं असेल तर स्टिअरिंग वळवताना 'टण्ण' वाजतं. ते शोधायला लोक आठवडा घालवतात आणि दोष नव्या माउंटला देतात.

मागे काम सोपं आहे. बीमला जॅकचा आधार द्या, दोन्ही शॉकचे खालचे बोल्ट काढा, बीम हळूहळू उतरवा आणि स्प्रिंग हाताने काढा. नजर ब्रेकच्या नळ्यांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ठेवा.

बंप स्टॉप न कापता कुणी ठेवला तर गाडी त्याच्यावरच बसते. स्प्रिंगच्या उत्पादकाने सांगितलं असेल तेवढाच कापा. पूर्ण काढून टाकला तर शॉकचा दांडा तळाला आपटतो.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पक्के आवळायचे नाहीत. हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी दाबून सोडा आणि मग आवळा. लटकत्या स्थितीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी नीट बसत नाही आणि बुश काही महिन्यांत फाटतो.

काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सल आणि बॉडीच्या मधे ब्रेकचा दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह असतो, दांडी किंवा छोट्या स्प्रिंगने जोडलेला. गाडी खाली आली की त्याला वाटतं डिकी भरली आहे. तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो आणि रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. असा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्या. हे काम ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच.

कणकेची परीक्षा

स्प्रिंग बाहेर असतानाच हे करून घ्या. स्ट्रट स्प्रिंगशिवाय पण बंप स्टॉपसह तात्पुरता लावा आणि नवं चाक चढवा. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे कमानीच्या आतल्या दुमडीला, प्लास्टिकच्या आवरणाला आणि स्ट्रटच्या टायरकडच्या बाजूला चिकटवा. जॅकने चाक बंप स्टॉप दाबला जाईपर्यंत वर उचला आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मग खाली घेऊन गोळे पाहा. कणीक जिथे सर्वांत पातळ झाली तिथली जाडी मोजा. कमानीला ८ मिमी आणि स्ट्रटला ५ मिमी मोकळे राहिले तर ठीक. त्याहून कमी असेल तर ऑफसेट किंवा टायरची रुंदी चुकली आहे. कमानीची दुमड ठोकून सपाट करायला निघू नका. जुन्या पत्र्यावरचा रंग तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

पहिले पाचशे किलोमीटर

चाकांचे नट टॉर्क रेंचने, फुलीच्या क्रमाने. स्विफ्टला ८५ न्यूटन-मीटर. अलॉय नवे असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, नव्या रिमचे शंकू थोडे बसतात.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि स्प्रिंग बसल्यावर ५०० किलोमीटरनंतर पुन्हा. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा कॅम्बर थोडा आत झुकतो आणि टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) हमखास बदलतो. टायर आतल्या बाजूने खाल्ला की सगळे कॅम्बरला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा गुन्हेगार टो असतो. मशीनच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही छापील पट्ट्या मागून घ्या. 'केलंय साहेब' यावर पैसे देऊ नका. मागचा टॉर्शन बीम बहुतेक गाड्यांत अ‍ॅडजस्ट होत नाही. तिथला आकडा वाकडा आला तर बीम किंवा हब वाकलेला आहे.

हेडलाइटही पाहा. मागचं पुढच्यापेक्षा जास्त खाली आलं असेल तर झोत वर जातो आणि समोरचे शिव्या देतात.

चाचणीला दोन रस्ते पुरतात. सुपर कॉरिडॉरवर वेगमर्यादेत सरळ चालवा, थरथर आली तर रिंग किंवा बॅलन्सिंग. मग सिमरोलच्या पुढे भेरूघाटात मागे तिघांना बसवून हळू वळणं घ्या. घासलं तर तिथेच कळेल, आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतो ते मागच्यांना ऐकायला सांगा. हवा स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतलं कलम १८२अ प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, सांगतं. म्हणून सगळ्यांत निर्धोक चाक ते, जे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलं होतं. स्विफ्ट एलएक्सआयवाल्याने १८५/७० आर१४ घेतला तर कुणी काही विचारणार नाही, आणि खरं सांगायचं तर २० मिमी बसवलेल्या गाडीत तो दिसतोही छान. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

यातल्या बहुतेक गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. आरसीचं नूतनीकरण आणि फिटनेस दर पाच वर्षांनी येणार. मूळ चाकं आणि मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका. स्प्रिंगवर रंगाने पुढची-मागची, डावी-उजवी लिहा, तेलाचा हात फिरवून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका.

स्टेपनीला मूळ १६५/८० आर१४ चालतो, १८५/६५ आर१५ च्या आणि त्याच्या व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक नाही. फक्त तिच्या खोबणीत जुने चार नट पिशवीत बांधून ठेवा. अलॉयबरोबर आलेले अरुंद नट पत्र्याच्या रिमच्या शंकूत बसतीलच असं नाही, आणि हे रात्री खलघाटच्या पुलाजवळ टॉर्चच्या उजेडात कळू नये.